गावात व्यसनमुक्तीची बैठक कशी चालवावी

आधी दिवस ठरवा. आठवडी बाजाराला हातात रोकड असते आणि दिवेलागणीला पाय देशीच्या दुकानाकडं वळतात. म्हणून बैठक त्याच संध्याकाळी घ्या, साडेसात ते पावणेनऊ. तीनच माणसं आली तरी वेळेवर सुरू करा. शाळेची खोली किंवा समाजमंदिर चालेल, पण दार भर चौकात उघडणारं नको.

नाव फक्त पहिलं, पुढं दादा किंवा ताई. आडनाव निघालं की जात, भावकी, बांधाचं भांडण, सगळं खोलीत येतं. हजेरीवही नको, फोटो नको. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या नावातच निनावीपणा आहे. गावात त्याची गरज शहरापेक्षा जास्त.

सतरंजीवर गोल बसा. चालक दर वेळी बदला, नाहीतर एकाचीच पुढारकी सुरू होते. पहिली ५ मिनिटं नियम मोठ्यानं वाचा. मग प्रत्येकाला ४ मिनिटं. १२ जणांची ४८ होतात. त्याहून जास्त माणसं आली तर दोन गोल करा. उरलेला वेळ चहाला ठेवा. नवा माणूस खरं बोलतो ते बहुतेकदा कप हातात आल्यावरच.

सगळ्यात जास्त बिघडतं ते सल्ल्यानं. कुणी सांगतो, "बायकोची जोडवी मोडून प्यालो." लगेच शेजारचा म्हणतो, "अरे, लेकरांकडं तरी बघायचं." सल्ला देणारा बोलतो मायेनंच, पण ऐकणाऱ्याची मान खाली जाते आणि पुढच्या बाजारी तो येत नाही. चालकानं तिथंच थांबवावं : "दादा, तुमची पाळी आली की तुमचं सांगा." बोलणं "मी"चं, "तू"चं नाही.

घसरलेला, म्हणजे सोडून पुन्हा प्यायलेला, परत आला तर विचारपूस नको. "आलात, बरं झालं, बसा," एवढंच. दारूविना दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. पिऊन आला तर दाराजवळ बसवा, ऐकू द्या; त्या दिवशी बोलायची पाळी नाही. मोटारसायकलची किल्ली काढून घ्या, दोघांनी घरी पोचवा.

रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून बंद" अशी शपथ कधीच घालू नका. शरीराला दारूची सवय झालेली असते. ती एकदम तुटली की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढं भ्रम आणि भास. यात जीव जातो. आधी डॉक्टर, मग बंद. झटका किंवा भास दिसला तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या.

जगणं नको म्हणणाऱ्याला एकटं सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध त्याच रात्री दुसरीकडं हलवा आणि १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा. व्यसनाच्या मदतीसाठी १४४४६ आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. त्याआधी मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, हातात पडते, तेव्हा जोखीम वाढते. जाणाऱ्याला वरचे दोन नंबर कागदावर लिहून द्या. बैठकीच्या वेळी त्याला फोन लावा. त्यानं कोपीपासून, म्हणजे तिथल्या झोपडीपासून, लांब जाऊन बोलावं, म्हणजे टोळीला ऐकू जात नाही. त्याचीही ४ मिनिटं राखून ठेवा.