कमी खर्चात बहुउपयोगी बास रॉड कसा निवडावा

स्पर्धेत उतरणाऱ्या मासेमारांच्या होडीत गळाने मासे पकडायचे आठ-दहा रॉड सहज दिसतात. आमिष बदलताना त्यांचा वेळ वाचतो आणि प्रत्येक आमिषाला मानवणारा रॉड हाताशी असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी तो खर्च सार्थ असतो. ज्याला एकाच रॉडवर बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा पकडायचा आहे, त्याने मात्र सर्वोत्तम रॉड कोणता हे विचारण्यापेक्षा, सर्वांत जास्त कामे समाधानकारकपणे करणारा रॉड कोणता, हे विचारावे.

निवडीची सुरुवात दुकानात नव्हे, घरीच करावी. आपण कोणती आमिषे वापरणार आहोत त्यांची यादी करून प्रत्येकासमोर त्याचे वजन लिहावे. मऊ प्लास्टिकचे किडे आणि त्यांच्यापुढे ओवलेले शिसे, स्पिनरबेट (फिरत्या पात्याचे आमिष), जिग (डोक्याशी शिसे असलेला गळ), मध्यम आकाराचे क्रँकबेट (ओढले की पोहल्यासारखे हलणारे कठीण आमिष) आणि पाण्याच्या पृष्ठभागावर खेळवायची आमिषे यांपैकी बहुतेक 7 ते 21 ग्रॅमांच्या दरम्यान बसतात. मुठीच्या थोडे वर, रॉडच्या काठीवरच, आमिषाचे वजन आणि दोराची ताकद छापलेली असते. वजन बहुधा औंसांत असते. एक औंस म्हणजे सुमारे 28 ग्रॅम, म्हणून ‘1/4 ते 3/4 औंस’ लिहिलेला रॉड आपल्या यादीला जवळजवळ पुरतो. मात्र छापलेल्या मर्यादांच्या दोन्ही टोकांना रॉड नाखुशीनेच चालतो; तुमचे सर्वांत आवडते आमिष त्या मर्यादांच्या मध्यावर यायला हवे.

लांबीच्या बाबतीत फार घोळ घालू नये. सात फूट, म्हणजे सुमारे 213 सेंटिमीटर, ही लांबी दूर फेकण्यासाठी आणि ढिला दोर झटकन ताणून घेण्यासाठी पुरेशी असते. झाडीने वेढलेल्या काठावरून किंवा लहान होडीत बसून मासेमारी करणाऱ्याने साडेसहा फुटांचा घ्यावा.

यानंतर येते ती खरी गुंतागुंतीची जागा. रॉडवर लिहिलेले ‘पॉवर’ आणि ‘ॲक्शन’ हे दोन शब्द नवखे लोक एकच समजतात आणि तिथेच पैसे वाया जातात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, तर ॲक्शन म्हणजे तो कुठे वाकतो. ‘फास्ट’ ॲक्शनचा रॉड मुख्यतः वरच्या एक-तृतीयांश भागात वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. ‘मॉडरेट’ रॉडचा बाक मध्यापर्यंत उतरतो. प्लास्टिकच्या किड्यात लपवलेला एकच जाड गळ माशाच्या जबड्यात रुतवायला तो ताठपणा लागतो. उलट क्रँकबेटला बारीक तिहेरी गळ असतात. तिथे फार ताठ रॉडने जोराचा झटका दिला की गळ तोंड फाडून सुटतो. दोन्ही कामे एकाच रॉडकडून करून घ्यायची असतील, तर माझ्या मते ‘मीडियम-हेवी’ पॉवर आणि ‘फास्ट’ ॲक्शन हीच जोडी घ्यावी, कारण जास्तीचा ताठपणा आपल्याला इतर मार्गांनी कमी करता येतो, पण नसलेला ताठपणा आणता येत नाही. क्रँकबेट वापरताना ताणला जाणारा नायलॉनचा मोनोफिलामेंट दोर लावावा, रीलचा (दोर गुंडाळायच्या चक्राचा) ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोर सुटू देणारा ब्रेक, थोडा सैल ठेवावा आणि झटका न देता रॉड बाजूला ओढत न्यावा. मात्र हे शब्द ठरवणारे एकच मोजमाप सर्व उत्पादकांमध्ये नाही. एकाचा ‘मीडियम’ दुसऱ्याच्या ‘मीडियम-हेवी’इतका ताठ निघू शकतो, म्हणून तुलना नेहमी छापलेल्या आमिषाच्या वजनावरून करावी.

पूर्वी कधीही रील न हाताळलेल्याने स्पिनिंग रॉड (ज्याची रील खालच्या बाजूला बसते) घ्यावा, आणि तो ‘मीडियम’ पॉवरचा असला तरी चालेल. दोराचा गुंता कमी होतो आणि पाच ग्रॅमांची हलकी आमिषेही फेकता येतात. बेटकास्टिंग रॉड (ज्याची रील वरच्या बाजूला बसते) जड आमिषे आणि जाड दोर अधिक चांगले पेलतो, पण त्याच्या रीलवर अंगठ्याचा ताबा बसेपर्यंत सराव करावा लागतो.

काठी कशाची आहे, हेही पाहावे. ग्रॅफाइट (कार्बन तंतू) हलका असतो आणि पाण्याच्या तळाची खरखर हातापर्यंत पोहोचवतो, पण होडीच्या काठावर आपटला की त्याला न दिसणारी इजा होऊ शकते. फायबरग्लास जड असला तरी चिवट असतो. दोन्हींचे मिश्रण असलेला रॉड धसमुसळ्या हातांना मानवतो. ‘आयएम-6’, ‘आयएम-7’ अशा आकड्यांवर भुलू नये. ती मुळात हेक्सेल या कंपनीची कार्बन तंतूंसाठीची व्यापारी नावे आहेत, दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे.

आता रॉड हातात घ्यावा. डोळ्याजवळ मूठ धरून टोकाकडे पाहावे. दोर ज्यांतून जातो त्या सगळ्या कड्या एका रेषेत दिसायला हव्यात. सात फुटांच्या रॉडला टोकाची सोडून साधारण आठ कड्या असाव्यात. त्या फार कमी असतील तर वाकलेल्या रॉडवर दोर काठीला घासतो. मग कापसाचा छोटा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवावा. डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यात कापसाचा तंतू अडकतो. माझा स्वतःचा एक स्वस्त रॉड मी ही तपासणी न करता घेतला होता. टोकाच्या कडीतील बारीक तड्याने दोर चिरत राहिला आणि मी आठवडाभर गाठींनाच दोष देत होतो. रील बसवून रील-सीट (मुठीवरची रीलची बैठक) घट्ट आवळावी आणि रील डावी-उजवीकडे हलवून पाहावी. जराही खेळ जाणवला तर दुसरा रॉड मागावा. बुचाची मूठ की फोमची, मुठीचा रंग, कोरलेली नक्षी यांवर एक पैसाही जास्त देऊ नये. तो पैसा चांगल्या दोरासाठी आणि सुरळीत ड्रॅगच्या रीलसाठी राखावा.

वापरलेला रॉड स्वस्तात मिळत असेल तर तो जरूर पाहावा. काठीवरून नख हळूहळू सरकवावे आणि ते जिथे अडेल तिथे उजेडात निरखावे. रंगावरचा ओरखडा चालतो, पण तंतूपर्यंत गेलेली खोच असेल तर रॉड परत द्यावा. दोन तुकड्यांचा असल्यास सांधा जोडून हलवावा, टकटक आवाज येता कामा नये. शेवटी टोकाच्या कडीतून दोर ओवून कोणाला तरी तो सावकाश ओढायला सांगावे आणि बाक एकसारखा उतरतो का ते पाहावे. टोक हाताने दाबून किंवा छताला टेकवून रॉड वाकवू नये. असा ताण मासा कधीच देत नाही, आणि चांगला रॉडही त्याने मोडतो.