जुन्या घरात स्मार्ट स्विच बसवताय? या चुका टाळा

दिवाळीच्या सेलमध्ये मी फोनवरून दिवे चालू-बंद करणारी सहा वाय-फाय मॉड्यूल घेतली. आगपेटीएवढी, स्विचच्या मागे दडवायची. आमचं घर बेळगावातल्या शहापूरचं, दगडमातीच्या जाड भिंतींचं. सोपा, माजघर, वर माडी, मागं परसू. वायरमननं जिन्याचा बोर्ड खोलला, आत बॅटरी मारली आणि म्हणाला, "ह्यात न्यूट्रल कुठं हाय वो? दोनच वायरी हाईत." सहातली तीन मॉड्यूल अजून कपाटात पडून आहेत.

बोर्ड न उघडता खरेदी करायची ही चूक मी केली, तशी अनेकजण करतात. स्विचचं काम फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, तोडणं एवढंच. त्यामुळे जुन्या वायरिंगमध्ये फेज बोर्डात उतरते आणि स्विचमधून दिव्याकडं परत जाते. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, वरच्यावर थेट होल्डरला जाते, बोर्डात यायचं तिला कारणच नव्हतं. मॉड्यूलमध्ये मात्र एक छोटा रेडिओ सतत जागा असतो. दिवा बंद असला तरी त्याला वीज लागते, म्हणजे न्यूट्रल लागते.

एक सोपी खूण सांगतो. ज्या बोर्डावर पाच अँपिअरचा प्लग पॉइंट आहे, तिथं न्यूट्रल बहुतेक आलेली असतेच, कारण प्लगला दोन्ही वायरी लागतात. नुसते स्विच असलेले बोर्ड, म्हणजे जिना, न्हाणी, माडीचा कोपरा, हे संशयित. वायरीच्या रंगावर जाऊ नका. आमच्याकडं सगळ्या वायरी एकाच रंगाच्या निघाल्या, आणि जिथं लाल-काळ्या होत्या तिथं मधल्या कुणीतरी उलट्या जोडल्या होत्या.

अर्थिंगला न्यूट्रल समजणं

हा सगळ्यात घातकी जुगाड. न्यूट्रल नाही म्हटल्यावर कुणीतरी सुचवतंच, "अर्थिंगची वायर हाय की, तिला जोडू." जोडली तर मॉड्यूल चालतं, ॲपमध्ये हिरवं दिसतं, सगळे खूश. गोम पुढं आहे. अर्थिंगची वायर कुठंतरी तुटली किंवा परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यातली जोडणी गंजून सुटली, की मॉड्यूलमधून आलेल्या करंटला जमिनीत जायला वाट उरत नाही. तो त्याच वायरीला बांधलेल्या फ्रीजच्या, गिझरच्या पत्र्यावर येऊन बसतो. ओल्या पायानं हात लावणाऱ्याला कळतं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच, असेल तर अशी चार-पाच मॉड्यूल लावल्यावर तो सारखा पडायला लागतो, आणि मग लोक आरसीसीबीच काढून टाकतात. नळाच्या पाइपाला जोडणं हा त्याच जुगाडाचा थोरला भाऊ.

शेजारच्या सर्किटची न्यूट्रल उसनी घेणंही नको. इन्व्हर्टरची फेज आणि दुसऱ्याच लाइनची न्यूट्रल अशी गाठ पडली तर आरसीसीबी पडतो, आणि कारण शोधता शोधता दिवस जातो.

मग जिन्याचं काय करायचं? न्यूट्रल दिव्याच्या होल्डरपाशी असतेच. तिथं वर, लाकडी गोल ब्लॉकच्या जागी मोठा डबा बसवून मॉड्यूल त्यात ठेवता येतं. खाली बोर्डातल्या दोन वायरी कायमच्या जोडून घ्यायच्या आणि भिंतीवर सेलवर चालणारा वायरलेस स्विच चिकटवायचा. मात्र मग होल्डरपाशी कायम फेज राहते, बल्ब बदलताना मेन बंद करावाच लागतो, आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं लागतं.

बंद केला तरी मिणमिणणारा बल्ब

बिनन्यूट्रलचे स्मार्ट स्विचही मिळतात. ते स्वतःपुरता करंट दिव्यातूनच ओढतात. जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बला ते कळायचंही नाही. पाच-सात वॉटचा एलईडी मात्र तेवढ्यावर मंद पेटतो, नाहीतर लुकलुकतो. अशा स्विचबरोबर बहुधा एक छोटा कपॅसिटर येतो, तो होल्डरपाशी बल्बला समांतर लावायचा असतो. खोक्यात राहून गेला असेल तर आधी शोधा. किमान किती वॉटचा दिवा लागतो तेही खोक्यावर बघा.

साधा स्विच असतानाही बल्ब मिणमिणत असेल तर दुसरी शंका घ्या: स्विच न्यूट्रलवर बसवलाय. जुन्या घरांत हे सर्रास सापडतं. स्विच बंद करून होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावून बघा (टेस्टर आधी चालू प्लगमध्ये तपासून). एखाद्या पिनेवर पेटला तर फेज तिथं सतत उभी आहे. हे दुरुस्त केल्याशिवाय त्या जागी स्मार्ट काहीही बसवू नका.

मेन बंद केला म्हणजे झालं, हा समज

इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावरही अर्ध्या घरात करंट असतो. तोही बंद करा. जुन्या बोर्डात चिनी मातीचे किटकॅट फ्यूज फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर असतात. नुसता न्यूट्रलचा उडाला असेल तर दिवे मेलेले दिसतात, पण वायरीत २३० व्होल्ट जिवंत असतात.

लाकडी पट्टीतली रबरी वायर हलवल्यावर कव्हर भुग्यासारखं गळायला लागलं तर तिथंच थांबा. खानापूरकडच्या पावसात चार महिने भिंती ओल धरतात, तिथं हे जास्तच दिसतं. परवानाधारक वायरमनकडून मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं, तपासून घ्या. इन्सुलेशन एक मेगाओहमच्या खाली भरलं तर स्मार्टचे पैसे आधी नव्या वायरींना घाला. ॲल्युमिनियमची वायर निघाली तर तिला तांब्याची नुसती पिळ घालून टेप मारू नका. असा जोड गंजतो आणि तापतो.

आज्जी, लाइट आणि स्मार्ट बल्ब

वायरीला हात न लावता स्मार्ट बल्ब लावणं सोपं, म्हणून मी माजघरात तेच केलं. आज्जी रात्री सवयीनं खटका बंद करायची आणि बल्ब ॲपमधून गायब. पुढं पावसाळ्यात लाइट गेली, आली, परत गेली, आली. बऱ्याच बल्बांचं रीसेट असंच, पाठोपाठ चालू-बंद करून होतं! मध्यरात्री बल्ब डिस्कोसारखा लुकलुकायला लागला, आज्जी उठून बसली. दुसऱ्या दिवशी मी मॉड्यूल बसवलं. त्याला जुना खटकाही जोडता येतो, वाय-फाय नसलं तरी दिवा लागतो. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत माझं मत मॉड्यूललाच.

काही घेतलं तरी ॲपमध्ये "वीज परत आल्यावर" ही सेटिंग शोधून "बंद" किंवा "आधी होतं तसं" करा. नाहीतर पहाटे तीनला लाइट आली की घरभर लखलखाट. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. यातली बहुतेक उपकरणं २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, आणि लोखंडी बोर्डाच्या पेटीत, दगडी भिंतीआड सिग्नल मरतो. माडीवर वेगळा रिपीटर लागला आम्हाला.

दिव्यांचा डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारा स्विच, पंख्याला लावू नका. पंखा घुमतो आणि तापतो. एलईडीच्या खोक्यावर "डिमेबल" लिहिलेलं नसेल तर त्यालाही नको. गिझर दोन हजार वॉटचा म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, त्याला दहा अँपिअरचं मॉड्यूल काठावर बसतं, सोळाचं घ्या.

बोर्ड बंद करण्याआधी आतला फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला टेप गुंडाळून बॉलपेननं लिहा: माजघर, न्हाणी, इन्व्हर्टर फेज. पुढच्या वेळी वायरमन दुसराच असतो.