झोनिंगचं प्रशिक्षण देताय? या चुका टाळा

लोकप्रतिनिधी आणि स्थानिक अधिकाऱ्यांना झोनिंग (कोणत्या भागात काय आणि किती बांधता येईल याचे नियम) शिकवायचं म्हटलं की पहिलं सत्र ठरलेलं: कायद्याची कलमं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्धी खोली पेंगत असते. कलमं नंतर घरीही वाचता येतात. आधी टेबलावर नकाशा पसरा आणि विचारा, ‘हा रस्ता किती रुंद आहे?’

खरी गडबड इथेच बाहेर पडते. १:५००० च्या नकाशावर १ सेंमी म्हणजे ५० मीटर, हे बहुतेकांना पाठ असतं. पण हातातली प्रत ए३ वरून ए४ वर झेरॉक्स केलेली. म्हणजे तोच १ सेंमी आता सुमारे ७१ मीटरचा झाला, कोपऱ्यात छापलेलं प्रमाण मात्र जुनंच. त्यातून पेन्सिलची अर्ध्या मिलिमीटरची रेघ मूळ नकाशावरसुद्धा जमिनीवरचे अडीच मीटर खाते. अशा कागदावर कुणाची भिंत रस्त्यात येते हे ठरवू नका. छापील मोजपट्टी असलेलाच नकाशा वापरा. प्रत लहान झाली तर पट्टीही लहान होते.

‘एफएसआय १ म्हणजे एकच मजला’ हा समज ‘एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट एकूण बांधकाम करता येतं ते प्रमाण’ अशी व्याख्या सांगून जात नाही. गणित करून घ्या. ५०० चौरस मीटरच्या प्लॉटवर २५० चे दोन मजले बसतात, तसेच १०० चे पाचही. बांधकाम तेवढंच, पण शेजाऱ्याच्या अंगणात पडणारी सावली वेगळी. म्हणून उंचीचे आणि सामासिक अंतराचे (इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेचे) नियम वेगळे लागतात. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली ३८ मजली इक्विटेबल बिल्डिंग रस्त्याच्या कडेवरून सरळ वर गेली. पुढच्याच वर्षी शहराने झोनिंगचे नियम केले, त्यामागे या सावलीची ओरडही होती.

प्रशिक्षण होऊनही बांधकामाच्या अर्जावरच्या आदेशात नुसतं ‘विनंती मान्य’ येत असेल, तर तुम्ही सुनावणीचा सराव घेतलेला नाही. एकाला अर्जदार करा, दुसऱ्याला हरकतदार, आणि शेवटी प्रत्येकाकडून चार ओळींची कारणं लिहून घ्या: कोणता नियम, जागेवर काय दिसलं, हरकतीला उत्तर काय. ‘हरकती खूप आल्या’ हे कारण होत नाही, हे लिहितानाच कळतं.

सरावाच्या एका फायलीत मुद्दाम सदस्याच्या मेहुण्याचा प्लॉट घाला. नात्यातला विषय म्हणून मतदानाला तो सदस्य उठून बाहेर जाईल, पण तोवर अर्धा तास बोललेला असेल. उठायचं ते विषय पुकारल्याबरोबर.