व्यक्तिमत्त्व प्रश्नावली: पर्याय किती ठेवावेत?

कोल्हापुरात मानसशास्त्राचा प्रकल्प करणाऱ्यांची पहिली अडचण हीच असते: विधानांपुढे रकाने दोन, पाच की सात? प्रश्नावली प्रमाणित असेल तर विचारच करू नका, पर्याय आहेत तसे ठेवा. मानसशास्त्रज्ञ आयसेंक यांची व्यक्तिमत्त्व प्रश्नावली हो/नाहीची, नियो-पीआय-आर ही दुसरी प्रश्नावली पाच पर्यायांची. रकाने बदलले की पुस्तिकेतली प्रमाणके (तुलनेसाठी दिलेले गटांचे गुण) लागू होत नाहीत.

स्वतः तयार करत असाल तर हो/नाही टाळा. ‘मी दिलेली वेळ पाळतो’ याला शंभरातले नव्वद जण ‘हो’ म्हणाले, तर त्या विधानाचे प्रचरण (उत्तरे किती वेगवेगळी आहेत याचे माप) ०.०९ उरते. दोन पर्यायांत ते फार तर ०.२५ होऊ शकते. माणसामाणसांतला फरकच दिसला नाही तर सहसंबंध दबतात आणि अल्फाही (विधाने एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा विश्वसनीयतेचा आकडा) घसरतो.

म्हणून रकाने वाढवत सुटायचे, असेही नाही. सिम्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये बिग फाइव्ह (व्यक्तिमत्त्वाचे पाच मुख्य गुणविशेष) प्रश्नावलीवर २ ते ११ पर्याय तपासले. सहाच्या पुढे विशेष फायदा दिसला नाही. आमचा सल्ला पाच किंवा सहाचा. विश्वसनीयता वाढवायची तर चांगली विधाने वाढवा. ८ विधानांचा अल्फा ०.७० असेल, तर त्याच दर्जाची १६ केल्यावर तो ०.८२ च्या आसपास जातो.

पाच घेतले की मधल्या रकान्याकडे लक्ष द्या. तिथे ‘सांगता येत नाही’ असे छापले तर खरोखर मधला असणारा, विधान न कळलेला आणि सांगायचे नसलेला असे तिघेही तिथेच खूण करतात आणि तिघांनाही ३ गुण मिळतात. मध्यावर ‘सहमतही नाही, असहमतही नाही’ लिहा, ‘विधान समजले नाही’ हा चौकोन बाजूला वेगळा द्या आणि त्याला गुण देऊ नका. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटताना फॉर्म भरून घेतलात तर दमलेल्या माणसांच्या खुणा मधल्या रकान्यात सरळ उभ्या रांगेत आलेल्या दिसतील. तिथे सहा पर्याय बरे, कारण त्यांत मधला रकानाच नसतो; पण जेवणाच्या सुट्टीआधीची निवांत वेळ मागून घेणे त्याहून बरे.

सात रकाने करायचेच असतील तर आधी चिठ्ठ्यांची चाचणी घ्या. प्रत्येक पर्याय एकेका चिठ्ठीवर लिहा, पिसा आणि दहाएक जणांना कमी ते जास्त अशा क्रमाने लावायला सांगा. ‘बऱ्यापैकी सहमत’ आणि ‘बरेचसे सहमत’ यांची अदलाबदल वारंवार झाली, तर ते दोन पर्याय नाहीतच, एक काढा. शिवाय सात रकान्यांची ग्रिड मोबाइलच्या पडद्यात मावत नाही, आणि कडेचे पर्याय नजरेआड राहतात.

वयस्कर मंडळींना तोंडी विचारताना सहा पर्याय एका दमात वाचू नका. आधी ‘पटतं का नाही?’ आणि मग ‘थोडं, बरंच, का अगदी पुरतं?’ अशा दोन पायऱ्यांत तेच सहा पर्याय मिळतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो उलट विधानांच्या (ज्यांना ‘सहमत’ म्हटले की गुण कमी धरायचा) गुणांत. सूत्र असे: सर्वांत मोठा गुण + सर्वांत लहान गुण − मिळालेला गुण. १ ते ५ असेल तर ६ मधून वजा, १ ते ६ असेल तर ७ मधून. पाच पर्यायांच्या जुन्या एक्सेल फाइलमधले ६ सहा पर्यायांतही तसेच राहिले तर ‘पूर्ण सहमत’चे शून्य होते. असा शून्य दिसला की आधी सूत्र बघा.

पाच आणि सात पर्यायांच्या सरासऱ्या थेट शेजारी मांडू नका. (गुण − किमान) ÷ (कमाल − किमान) × १०० केले की पाचातले ४ आणि सातातले ५.५ दोन्ही ७५ होतात. मात्र याने फक्त मोजपट्टी सारखी होते. लोक दोन्ही फॉर्म सारखेच भरतात का, हे बघायचे असेल तर एकाच गटात चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना एक आणि निम्म्यांना दुसरा फॉर्म द्यावा लागतो.