मन्सूरचा झेब्रा बघून प्राणी रंगवायला शिका

प्राण्याचं चित्र काढताना आपण बहुतेक जण सगळ्यात आधी केस काढत बसतो आणि तिथेच फसतो. मी पण फसलोय, बिबट्या काढला होता, घरच्यांना मांजर वाटली. मग जहांगीर बादशाहच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचा झेब्रा कॉपी करायला घेतला, १६२१ चं चित्र आहे, सध्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, नेटवर बघायला मिळतं. (तेव्हा लोकांना वाटलेलं की कुणीतरी घोड्यावर पट्टे रंगवलेत, खुद्द बादशाहनेच लिहून ठेवलंय!)

तर आधी पेन्सिलने फक्त बाहेरची रेघ, एकदम हलक्या हाताने. प्राणी बाजूने दाखवलाय त्यामुळे पाठीची आणि पोटाची रेघ बरोबर आली की अर्धं काम झालं. मग पोस्टर कलरचा एक फिकट सपाट थर द्या आणि पूर्ण सुकू द्या, घाई केली की वरचे पट्टे पसरतात, माझे दोन कागद असेच गेले. पट्टे सगळे सारखे जाड नकोत, पोटाकडे निमुळते होतात, पायांवर आडवे, मानेवर उभे, आणि अंगाच्या गोलाईप्रमाणे वळवायचे, नाहीतर झेब्रा पुठ्ठ्याचा वाटतो. ब्रश शून्य नंबरचा सिंथेटिक घ्या, मुंगसाच्या केसांचा कुणी देत असेल तरी नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आहे.

डोळा शेवटी. पांढरा ठिपका अगदी टाचणीच्या टोकाएवढा, मोठा झाला की प्राणी खेळण्यातला दिसतो.