सुट्टीच्या प्रवासात पैसे वाचवायचेत? या चुका टाळा

तिकिटांच्या यादीत सगळ्यात वर दिसणारा आकडा क्वचितच शेवटचा असतो. चेक-इन बॅग, सीटची निवड, पेमेंटचं शुल्क आणि विमानतळापर्यंत जाण्यायेण्याचा खर्च त्यात बहुतेक वेळा धरलेलाच नसतो. पहाटे ४ चं स्वस्त विमान पकडायला मध्यरात्री टॅक्सी करावी लागणार असेल आणि उतरायचं विमानतळ शहरापासून ८० किलोमीटरवर असेल, तर वाचलेले पैसे तिथेच गेले. घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतचा खर्च एका कागदावर मांडा आणि मगच तिकिटांची तुलना करा.

सगळ्यांची तिकिटं एकदम शोधणं

कुटुंबाने जाणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते. विमान कंपन्या इकॉनॉमीतल्या जागासुद्धा वेगवेगळ्या भाडेवर्गांत विभागून विकतात. स्वस्त वर्गात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चौघांसाठी शोधलंत, तर बहुतेक यंत्रणा चारही जागा एकाच वर्गातून काढतात आणि चौघांनाही वरचा दर लागतो. समजा, स्वस्त जागा १०० ला आणि पुढच्या वर्गातली १३० ला आहे. एकत्र काढलीत तर ५२० होतात, दोन-दोन करून काढलीत तर ४६०.

म्हणून आधी एका प्रवाशासाठी शोधा, मग दोन, मग तीन. माणशी दर कुठे उडी मारतो ते लगेच दिसतं. मात्र बुकिंग तोडलं की पीएनआर दोन होतात. उड्डाण रद्द झालं तर कंपनी दोन्ही गटांना वेगवेगळ्या विमानांत बसवू शकते. त्यामुळे लहान मुलांचं तिकीट कायम मोठ्या माणसाच्याच पीएनआरवर ठेवा आणि दोन्ही बुकिंग एकमेकांशी जोडून नोंदवायला कंपनीला सांगा.

दोन स्वस्त तिकिटं जोडून कनेक्टिंग बनवणं

दोन कंपन्यांची वेगळी तिकिटं एकत्र केली की बेरीज छान दिसते. पण पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं, तर सहसा दुसरी कंपनी काहीच देणं लागत नाही. नवं तिकीट तुमच्या खिशातून, तेही त्याच दिवसाच्या चढ्या भावाने. शिवाय बॅग मध्येच ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागते. वाटेतल्या देशात इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागत असेल, तर तिथला व्हिसाही लागू शकतो. वेगळी तिकिटं घ्यायचीच असतील तर मधे किमान ५-६ तास ठेवा. दुसरं विमान दिवसातून एकदाच जाणारं असेल, तर मुक्कामच करा.

याउलट एकाच तिकिटावरचा मधला टप्पा परस्पर सोडून देऊ नका. एका टप्प्याला नो-शो, म्हणजे प्रवासी आलाच नाही अशी नोंद, लागला की साधारणपणे पुढचे टप्पे आणि परतीचं तिकीटही आपोआप रद्द होतं.

विमानाची वेळ बदलली म्हणून स्वतःच रद्द करणं

वेळ बदलल्याचा मेसेज आला की घाईने ‘रद्द करा’ दाबू नका. तुम्ही रद्द केलंत तर तुमच्या तिकिटाची कपात लागू होते. बदल कंपनीने केला असेल आणि तो मोठा असेल, तर अनेक ठिकाणी पूर्ण परतावा किंवा फुकट दुसरं विमान मिळतं. अमेरिकेच्या २०२४ च्या नियमांत देशांतर्गत ३ तास आणि आंतरराष्ट्रीय ६ तास किंवा त्याहून जास्त फरक हा परताव्यालायक मोठा बदल मानला आहे. युरोपीय संघात उड्डाण रद्द झालं तर २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार परतावा किंवा पर्यायी विमान यांतली निवड प्रवाशाची असते. क्रेडिट व्हाउचर पुढे केलं, तरी आधी रोख परतावा मागा.

हॉटेलचं गणित सोपं आहे. मोफत रद्द करता येणारी खोली घ्या आणि निघेपर्यंत दर पाहत राहा. उतरले की नवं बुकिंग पक्कं करून जुनं रद्द करा. रद्द करायची मुदत बहुतेक वेळा हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार मोजतात, तेवढं तपासा. रिसॉर्ट शुल्क आणि शहराचा कर अनेकदा तिथे पोचल्यावर वेगळा द्यावा लागतो.

कार्ड मशीनवर आपलं चलन निवडणं

परदेशात कार्ड लावलं की मशीनवर दोन रकमा येतात, एक तिथल्या चलनात आणि एक तुमच्या. ओळखीचा आकडा पाहून बोट आपल्या चलनावर जातं. तिथेच नुकसान होतं, कारण त्या दरात मशीनवाल्याचा नफा मिसळलेला असतो आणि वर काही बँका परदेशी व्यवहाराचं शुल्क तरीही लावतात. नेहमी स्थानिक चलन निवडा. एटीएमवर ‘रूपांतर नाकारा’ असं बटण आलं की लोक घाबरतात. त्याने फक्त त्या एटीएमचा दर नाकारला जातो, पैसे तर मिळतातच. दुकानदाराने न विचारता तुमचं चलन निवडलं असेल, तर पावतीवर सही करण्याआधी किंवा काउंटर सोडण्याआधी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावा.

भाड्याची गाडी

भाड्याचा दिवस सहसा २४ तासांचा धरतात. सकाळी १० ला घेतलेली गाडी दुपारी १ ला परत केली, तर आणखी एक दिवस लागू शकतो. डिपॉझिट क्रेडिट कार्डावर ठेवा. डेबिट कार्डावर तेवढे पैसे खात्यात अडकतात आणि सुटायला बरेच दिवस लागू शकतात. टाकी भरून घ्या, भरून द्या, हाच करार बहुतेक वेळा स्वस्त पडतो. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चाकांच्या रिम, काच आणि इंधनाचा काटा यांचा सलग व्हिडिओ घ्या. परत देतानाही तसाच घ्या आणि डिपॉझिट मोकळं झाल्याशिवाय तो फोनमधून काढू नका.