कोकॅनी सॅल्मनचं ट्रोलिंग: रंगाच्या नादी लागू नका, आधी खोली आणि स्पीड जमवा

सिएटल साइडला आपली भरपूर मंडळी आहेत आणि त्यातल्या मासेखाऊ लोकांना कधी ना कधी लेकवर जाऊन गळ टाकायची हुक्की येतेच. पण कोकॅनी काठावर खुर्ची टाकून बसून मिळणारा मासा नाही, त्याला बोटीमागं आमिष ओढत हळूहळू शोधत फिरावं लागतं, म्हणजेच ट्रोलिंग.

कोकॅनी म्हणजे सॉकाय सॅल्मनच, फक्त हा समुद्रात जात नाही, आख्खं आयुष्य गोड्या पाण्यात काढतो. बहुतेक ठिकाणी 10 ते 16 इंचाचा मिळतो (जागतिक रेकॉर्ड ओरेगॉनच्या वलोवा लेकचं आहे, 2010 साली, 9.67 पौंड, पण तसल्या आशेवर जाऊ नका). हा लहान मासे खात नाही, पाण्यातले डॅफ्नियासारखे बारीक जीव गाळून खातो. मग आपल्या गुलाबी प्लास्टिकच्या आमिषाला का लागतो? तर चिडून. घोळक्यातनं काहीतरी चमकत, वळवळत गेलं की त्याला राहवत नाही आणि तो तोंड मारतो, सगळं ट्रोलिंग या एका गोष्टीवर चालतं.

आधी खोली. कोकॅनीला 10 ते 13 डिग्री सेल्सिअसचं पाणी आवडतं. एप्रिल-मे मधे वरचं पाणीच तेवढं गार असतं त्यामुळे मासे वरच्या 10-20 फुटांत सापडतात, जुलै-ऑगस्टला वरचं तापलं की तेच 40, 60, कधी 80-90 फूट खाली जातात. फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे स्क्रीनवर कमानींसारखे दाखवणारं यंत्र) असेल तर पहिला अर्धा तास लाइन न टाकता नुसते फिरा. मधल्याच खोलीवर कमानींचा पुंजका दिसला, तळाला चिकटलेला नाही, तर बहुतेक तेच. लेक स्टीव्हन्स सिएटलहून जवळ आहे आणि साधारण दीडशे फूट खोल आहे, शिकायला मस्त. लेक शेलान दीड हजार फुटांच्या आसपास खोल आहे पण म्हणून घाबरायचं कारण नाही, मासा तिथंही वरच्या शंभरेक फुटांतच शोधायचा.

त्या खोलीवर आमिष न्यायला डाउनरिगर बेस्ट. केबलला शिशाचा गोळा, गोळ्याजवळ क्लिप, क्लिपमधे आपली लाइन. क्लिप एकदम हलकी लावा, हा मासा छोटा आहे, घट्ट क्लिपमधून त्याला लाइन सोडवता येत नाही आणि आपण अर्धा तास लागलेला मासा ओढत फिरतो, पत्ताच नसतो. मासे वर असताना आमिष गोळ्याच्या मागं 80-100 फूट सोडा कारण बोटीच्या आवाजानं ते बाजूला होतात, खोल गेलात की 20-30 फूट पुरे. डाउनरिगर नसेल तर लेडकोर लाइन (आत शिशाची तार असलेली, वजनानं बुडणारी) घ्या, तिचा रंग दर 10 यार्डाला बदलतो आणि हळू चालताना एका रंगाला साधारण 5 फूट खोली मिळते.

आता टोकाचं सामान. लाइनला डॉजर म्हणजे 4 ते 6 इंचाची चमकती पट्टी, तिच्यामागं 8 ते 14 इंचाचा लीडर, म्हणजे लाइनचा आखूड तुकडा, आणि शेवटी छोटी हूची (प्लास्टिकचं झालरीसारखं आमिष) किंवा स्पिनर (गोल फिरणाऱ्या चमकत्या पात्याचं आमिष), दोन बारीक गळ एकामागं एक बांधलेले. हूचीला स्वतःची काही हालचाल नसते, डॉजर झुलतो म्हणून ती झुलते, त्यामुळे लीडर लांब झाला की हूची मेल्यासारखी मागं येते. आखूड ठेवा. दोन्ही गळांवर पांढऱ्या मक्याचा एकेक दाणा लावायचा, शूपेग कॉर्न म्हणून डब्यात मिळतो तो. गोड पिवळा मका मऊ असतो, गळावर टिकत नाही. लोक त्याला ट्यूनाचं तेल, लसूण, बडीशेपेच्या वासाचं तेल असलं काय काय चोळून रात्रभर फ्रीजमधे ठेवतात, घरचे ओरडतात, पण वासाचा फरक पडतो हे खरं आहे.

रंगावर लोक तासन्तास वाद घालतात. माझं मत विचाराल तर गुलाबी आणि नारिंगी घेऊन सुरुवात करा, खूप खोल असाल तर ग्लो होणारं लावा, बास.

स्पीड मात्र मनावर घ्या. ताशी 1 ते 1.5 मैल, जीपीएसवर बघून. आणि नुसत्या आकड्यावर पण जाऊ नका, लाइन खाली सोडायच्या आधी बोटीच्या कडेला पाण्यात धरून डॉजर बघा: डावी-उजवीकडे झुलत असेल तर बरोबर, गोल गोल फिरायला लागला तर स्पीड जास्त झाला, नुसता सरळ येत असेल तर कमी. सरळ रेषेत चालवू नका, नागमोडी चालवा. वळताना आतल्या बाजूचं आमिष मंद होतं आणि थोडं खाली बसतं, बाहेरचं जोरात पळतं, मग मासा कुठल्या रॉडला लागला ते बघायचं, सारखा आतल्याला लागत असेल तर स्पीड कमी करा, बाहेरच्याला लागत असेल तर वाढवा. मासाच सांगतो, फक्त बघणारा पाहिजे.

लागल्यावर काय होतं, तर वाकलेला रॉड क्लिप सुटली की एकदम सरळ होतो आणि टोक थडथडायला लागतं. इथं हिसका मारायचा नाही!! कोकॅनीचं तोंड ओल्या कागदासारखं असतं, हिसक्यानं गळ फाडून बाहेर येतो. म्हणूनच रॉड 7-8 फुटी, मऊ, ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सैल. रॉड उचला, एका लयीत गुंडाळत राहा, बोट हळू चालूच ठेवा म्हणजे लाइन ढिली पडत नाही. जास्त मासे सुटतात ते बोटीशेजारी, कारण पृष्ठभागावर आला की हा कोलांट्या मारतो. डॉजर रॉडच्या टोकापासून दोनेक फुटांवर आला की गुंडाळणं थांबवा, रॉड मागं न्या आणि दुसऱ्यानं रबरी हातजाळं आधीच पाण्यात धरून ठेवायचं, माशाचं डोकं पुढं करून आत घ्यायचा. लाइन धरून उचलायला गेलात की गेला. नंतर लीडरवर बोट फिरवून बघा, मासा गिरक्या घेऊन पीळ पाडतो, खरखरीत लागला तर बदला.

नियम दर लेकला वेगळे असतात, जायच्या आधी वॉशिंग्टन राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याची साइट बघाच. 15 वर्षांपासून पुढं लायसन्स लागतं आणि ते 1 एप्रिल ते 31 मार्च असं चालतं. लेक सॅमॅमिशचे कोकॅनी मूळचे तिथलेच आहेत, फार कमी उरलेत, ते ठेवायचे नाहीत. 19 फुटांपेक्षा छोट्या चालत्या बोटीत 12 वर्षांपर्यंतच्या पोरांना लाइफ जॅकेट घालणं कायद्यानं बंधनकारक आहे, तुम्हीपण घाला, मे महिन्यातलं पाणी बर्फासारखं असतं.

मासा ठेवणार असाल तर लगेच कल्ले कापून बादलीत रक्त जाऊ द्या आणि मग बर्फ-पाण्यात टाका. उन्हात तसाच ठेवलात तर मांस लिबलिबीत होतं. लालभडक झालेला, जबडा वाकलेला शेवटच्या सीझनचा मासा घेऊ नका, अंडी घालायच्या तयारीत त्याचं मांस फिकं आणि बेचव होतं, तो सोडून द्या. चांदीसारखा असेल तर आतून मस्त नारिंगी निघतो आणि तेलही बरंच असतं, म्हणून तव्यावर हळद, तिखट, आगळ लावून रव्यात घोळवायचा आणि तेल अगदी बेताचं, आधी कातडीची बाजू खाली.